उम्म राशिदचे पातेले

२५ फेब्रुवारी २००६, शनिवार. अर्विंग.
दुपारी आमच्या जुन्या शेजारणीच्या मुलाचा, राशिदचा, दूरध्वनी. शारजाहून नव्हे, ह्यूस्टनहून! आई तेथील रुग्णालयात. हृदयाची झडप बदलायची, दिनांक चौदा मार्च. "आंटी, अम्मा काही खातच नाही. जेली आणली की भिंतीकडे तोंड करते. सारखी विचारते, सुनंदा इथंच कुठे राहते ना?"
सौ.ने फोन ठेवला, वरचे कपाट उघडले आणि ते पातेले खाली काढले. लक्षण गंभीर.

२६ फेब्रु., रवि.
पातेल्याचा इतिहास नोंदवून ठेवणे इष्ट. उम्म राशिद (यापुढे उ. रा.) शारजात चौदा वर्षे आमची शेजारीण. रमजानात हरीस धाडी: गहू आणि मांस चार-पाच तास शिजवून, लाकडी दांड्याने घोटून एकजीव केलेले, वर तुपाचे तळे. आम्हां शाकाहाऱ्यांसाठी मात्र वेगळे, मांसाविना, या पितळी पातेल्यात. "हे हरीस नाही, आजाऱ्याची पेज आहे," असे दरवर्षी हिणवायची आणि दरवर्षी करायची. परतीच्या वेळी सौ. त्यात करंज्या भरी. रिकामे भांडे ना तिने कधी धाडले, ना आम्ही.
२००२ साली आम्ही निघालो त्या दिवशीही हरीस आले. सामान बांधणाऱ्यांनी घासून पालथे घातलेले पातेले आमच्या कढयांसह खोक्यात कोंबून समुद्रपार केले. तेव्हापासून परद्रव्यापहाराचे पातक अस्मादिकांच्या वरच्या कपाटात.
सौ.चा निर्णय: भरून न्यायचे. खऱ्या हरीसने. मांसासहित.
ज्या घरात अंडेही चोरपावलांनी येते, तेथे!

१ मार्च, बुध.
कचेरीतून परतताना हलाल दुकानी गेलो. दारापर्यंत जाऊन दोनदा गाडीत परत. तिसऱ्या खेपेस प्रवेश.
"कौनसा पीस, भाईसाब?"
"उत्तम."
तो हसला नाही. अनुभवी गृहस्थ.
पुडके शीतकपाटात दुधाशेजारी. दूध कोणीच पीत नाही.

४ मार्च, शनि.
प्रथम प्रयोग. सौ. नाकाला ओढणी बांधून, चिमट्याने. खिचड्यासाठी कांडलेले गहू, मांस, दालचिनी, मंद आच. घोटण्याचे कार्य अस्मादिकांकडे. लाकडी डाव मोडला, वरवंट्यावर आलो. चौथ्या तासाला साक्षात हरीस! आणि मग हाताच्या सवयीने सौ.ने कढल्यात तेल, मोहरी, हिंग, हळद...
चुर्र.
दोघेही पाहत राहिलो. ते शुभ्र वैभव पीतवर्ण झाले होते.
"अहो, मी फोडणी दिली."
चि. मुक्ता डोकावली. "मॉम, यू मेड मीट पोहे."
सौ. हसेल असे वाटले. ओट्याला टेकून रडली. "तिनं चौदा वर्षं एकदासुद्धा चूक केली नाही हो. मांसाचा डावसुद्धा आपल्या पातेल्याला लागू दिला नाही."


५ मार्च, रवि.
पुनश्च. मोहरीचा डबा मी गाडीच्या डिकीत नेऊन ठेवला. वर्ण उत्तम. अडचण मिठाची: वैद्यांची आज्ञा, अल्प घालावे. अल्प म्हणजे किती? चाखणार कोण?
मुक्ता (वय सोळा): "आय कॅन टेस्ट इट."
मी वरवंटा खाली ठेवला.
"केव्हापासून?"
"सेव्हंथ ग्रेड. डोन्ट मेक इट अ थिंग, बाबा."
कुलाचाराच्या पतनावर एक प्रवचन तयार होते. सौ.ने चमचा तिच्या हाती दिला. "नीट सांग. उम्म राशिदच्या घरी लागायचं तसं लागतंय का?"
मुक्ताने डोळे मिटले. शारजा सोडली तेव्हा बारा वर्षांची होती. म्हणाली, "ऑलमोस्ट. नीड्स मोअर तूप."
तिला त्या घरची चव कशी ठाऊक, हे कोणी विचारले नाही.

११ मार्च, शनि.
रजा टाकून काल शिजवले. आज सकाळी प्रस्थान. पातेले सौ.च्या मांडीवर, पट्टा दोघांना मिळून. "हळू! तूप हिंदकळतंय." आय-४५ महामार्गावर मालमोटारी आम्हांला मागे टाकत होत्या. माझ्या मनात सतत उलट विचार: पोहोचलोच नाही तर. उशीर झाला असेल तर.
उ. रा.च्या चेहऱ्यावर बुरखा नव्हता, म्हणून राशिदने मला दाराबाहेरच थांबवले. तिचा चेहरा मी चौदा वर्षांत पाहिला नाही, आजही नाही. आवाज मात्र ऐकला. बारीक झाला आहे.
"सुनंदा! नमक किधर है?"
"डॉक्टर बोला, कम."
"डॉक्टरने पकाया?"
मग दोघींचे हसणे, मग तिचा खोकला, मग बराच वेळ फक्त चमच्याचा आवाज. राशिद बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "काका, ती खातेय."
निघताना पातेले आमच्याच हाती. राशिदने हरीस रुग्णालयाच्या वाडग्यांत काढून, पातेले विसळून, खजुरांनी भरले होते. मी दाराबाहेरून: "हे काय? पातेले तुमचे आहे!"
आतून उत्तर आले. "हाँ, मेरा है. वापस लाना."
परतताना कोर्सिकाना गावापाशी सौ.ने पातेले मांडीवर सरळ केले. मग म्हणाली, "तिनं मुद्दाम परत दिलं."

१४ मार्च, मंगळ.
शस्त्रक्रिया सकाळी सातला. कचेरीत गेलो, दहाला परतलो. राशिदचा दूरध्वनी बारापर्यंत अपेक्षित. सव्वाबारा. एक.
दूरध्वनी उचलून पाहिला, यंत्र जिवंत आहे ना. आहे.
दीड. येरझारा घालता घालता अस्मादिकांचा हात ओट्यावरच्या पातेल्यात जात राहिला. खजूर उत्कृष्ट. तळ दिसू लागला.
सौ.ने बाजूला येऊन झाकण धरले.
"पुरे हो. रिकामं नका करू."
हातातला खजूर मी परत ठेवला.