विरत जाणारी रेघ

३ जानेवारी १९७८, माले

आलो एकदाचा! पौडपासून एसटीनं हाडं खिळखिळी केली, पण शेडमधलं यंत्र पाहिलं आणि शीण पळाला. दोन कपाटं आहेत. एक विजेच्या दाबावर पाण्याच्या प्रवाहाची नक्कल करतं, दुसरं आकडेमोड करून त्याला ताळ्यावर ठेवतं, आणि पेन कागदावर रेघ ओढतं. प्रवाहाला बारीकसा धक्का द्यायचा. तरंग विरला तर प्रवाह स्थिर, वाढला तर बिघडला. धक्का द्यायचं उपकरण पुण्यातच राहिलंय, सरकारी कारभार! मी ते जोडायच्या उघड्या तारेच्या टोकाला सरळ बोट लावलं. पेन थरथरलं. बायकोला, शहनाजला लगेच लिहिलं, तू आलीस की तुलाही बोट लावू देईन. खोली धोंडाबाईंकडे मिळाली. भाकरी आग्रहानं वाढतात.

६ जानेवारी

तरंग विरतोय, साहेब खूश होतील. मी मात्र गळून गेलोय. रोज यंत्राच्या घुंड्या फिरवून काटे शून्यावर आणता आणता मान मोडते. काल वीज गेली. परत आली तेव्हा रेघ नव्यानं सुरू व्हायला हवी होती, ती राहिली होती तिथूनच पुढे निघाली. धोंडाबाईंना बोटाची गंमत सांगितली, तर हसल्या नाहीत. म्हणाल्या, पान्याला आपलं काय बी द्येऊ न्हाई सायब, ते माघारी द्येत न्हाई.

१० जानेवारी

धोंडाबाईंनी माझं नाव विचारलं. इब्राहिम, म्हटलं. सकाळीही सांगितलं होतं. हॉटेलात चाँदभाईंनी माझ्यासमोरचा चहा उचलून दुसऱ्याला दिला. राग आला, मग रागवायचाही कंटाळा आला.

१३ जानेवारी

पुन्हा बोट लावलं. पेन हललं नाही. आता कळतंय — तो धक्का म्हणजे मीच. तो विरतोय तसा मीही. फार भीती वाटते. शहनाज निघाली असेल — तिनं तरी मला —

१५ जानेवारी

रेघ जवळजवळ सरळ. धोंडाबाईंनी माझी गादी उन्हात टाकली. खोली रिकामीच हाय, असं कुणाला तरी सांगत होत्या. मी शेजारीच —

१६ जानेवारी

शहनाज आली. शेडच्या दारात. हाका मारल्या — ऐकू जात नाही. हातात माझं पत्र. कुणाचं ते आठवेना, कपाळ चोळतेय. पुन्हा वाचतेय. आता हसली — तारेकडे —

शहनाज, नको. बोट नको ला

पेन थर