तीन राजे, दीडशे बिया

हळर्ण, ६ सप्टेंबर २०२५

॥ श्री ॥

तीर्थरूप पद्मावतीताईस,
धाकूचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

इथे सर्व खुशाल. तुझ्या गुडघ्यांनी तुला चवथीला पाळीहून हलू दिलं नाही, एवढीच उणीव राहिली. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि ओरडून सांगावं तर माझी पानं अख्ख्या वाड्याला कळतील, म्हणून हे पत्र.

आपल्या घरची रीत तुला माहीत आहेच. गणपतीपुढे पुरुष मंडळी काजूच्या बिया लावून पत्ते खेळतात, आणि शेवटी बिया ज्याच्यापुढे उरतात तो पुढच्या वर्षी गणपतीवर टांगायची रानफळांची माटोळी बांधतो, नाहीतर आपल्या मर्जीने कुणाकडून बांधवून घेतो. यंदा माझी लेक गौरवी माझ्याबरोबर डोंगरात आली. कवंडळं, तोरिंगं, सुपारीचे घोस सगळं तिने शोधलं. पुढच्या वर्षी मी बांधू का, असं तिने विचारलं आणि मी हो म्हणून बसलो. आता जिंकायलाच हवं.

हल्ली आपला चुलतभाऊ कृष्णनाथ आम्हाला पोकर खेळवतो. मांद्र्याच्या त्याच्या खोल्यांत उतरणाऱ्या गोऱ्यांकडून शिकला. बाकी सगळे रिकामे झाले, आम्ही दोघेच उरलो. माझ्या हातात दोन राजे. मध्ये दोघांच्या सामाईक पाच पानांपैकी तीन उघडली: चौकटचा राजा, इस्पिकची नव्वी, इस्पिकची अठ्ठी. म्हणजे माझे तीन राजे झाले. मी वीस बिया सारल्या, त्याने साठ केल्या. माझ्यापाशी अजून दीडशे आहेत, त्याच्यापाशी थोड्या जास्त.

तेवढ्यात शेजारचे म्हातारे वारल्याची बातमी आली आणि खेळ तिथेच थांबला. दोघांची पानं पाकिटांत बंद करून, उघडी पानं आणि उरलेला जोड दोऱ्याने बांधून गौरवीच्या आईने, विनिताने कपाटात ठेवलंय. पुढचा खेळ दिवाळीच्या पाडव्याला. माझ्यापुढे प्रश्न एवढाच, की गुपचूप चाळीस घालून त्याच्याबरोबर चालत राहू की सगळ्या बिया पुढे लोटू? तू टॅबवर रोज हाच खेळ खेळतेस, जावयालाही सोडत नाहीस. सांग.

माया आटू देऊ नकोस.
तुझा धाकू

पाळी, १३ सप्टेंबर २०२५

चि. धाकूस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून गुडघे दुखायचे थांबले. तीन राजे घेऊन मला प्रश्न विचारतोस? लहानपणी तुला चांगलं पान आलं की कान लाल व्हायचे. कृष्णनाथने ते बघितले नसतील तर देवाचीच कृपा.

माझं म्हणणं, गप्प चाळीस घाल. त्याला वाटू दे तू घाबरलास. तो उतावळा आहे, पुढच्या पानावर आपणच बिया ओतेल. तू वाढवलंस आणि तो पानं टाकून पळाला, तर ऐंशी बिया घेऊन काय, भाजून खाणार?

विनिताला सांग, कपाटाची किल्ली तुझ्या हाती लागू देऊ नको.

आठवण ठेवतोस तशी ठेव.
तुझी ताई

पाळी, २४ सप्टेंबर २०२५

चि. धाकूस आशीर्वाद.

बाबा रे, घोटाळा झाला. काल कृष्णनाथचं पत्र आलं. तोही मला फोनवर ओरडून सांगू शकत नाही ना! त्याने आपली पानं लिहिलीत आणि तू बिया वाढवल्यास तर त्याने काय करावं असं विचारलंय. मी अर्धं वाचल्यावर घडी घालायला हवी होती. पण पूर्ण वाचलं. तुम्हाला पत्ते पिसायला मीच शिकवलं, त्याची ही शिक्षा.

आता मी दोघांनाही काही सांगणार नाही. त्यालाही तसंच लिहिलंय. मागचा सल्ला मी त्याची पानं कळण्याआधी दिला होता, तेवढाच धरून चाल, नाहीतर सोडून दे. या पत्रात माझं मन शोधू नकोस. तुझी सवय मला ठाऊक आहे.

रागावू नकोस.
ताई

हळर्ण, २५ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप ताईस साष्टांग नमस्कार.

तुझा सल्ला आठवडाभर डोक्यात घेऊन फिरलो. शेतात, देवळात, गुरांना पाणी दाखवताना. शेवटी तुझं ऐकायचं नाही असं ठरलं. रागावशील तर आधीच पाया पडतो.

आत्ता माझ्यापेक्षा मोठी पानं कुणाकडे असूच शकत नाहीत. भीती येणाऱ्या दोन पानांची. मध्ये दोन इस्पिक आहेत, त्याच्या हातात आणखी दोन असले तर एकच हवा; पाच इस्पिक जुळले की माझे तीन राजे हरले. गुपचूप चाललो तर ते पान मी त्याला स्वस्तात दाखवतो. तो पळाला तर पळू दे, थोडकं जिंकेन आणि पुढे खेळेन. बरोबरीने बिया लावून आला तर चारांत तीनदा मीच पुढे असेन. देवाकडे याहून जास्त मागायला मला लाज वाटते. पाडव्याला दीडशेच्या दीडशे लोटणार. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे ऐन वेळी मला फिरता येणार नाही.

गौरवी आत्ताच माटोळीची बांबूची चौकट मापत बसली आहे.

लोभ आहे तसाच ठेव.
धाकू

हळर्ण, ९ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप ताईस नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र माझं पोस्टात पडल्यावर दोन दिवसांनी मिळालं. बरंच झालं. आधी मिळतं तर तुझ्या प्रत्येक शब्दात त्याची पानं शोधत बसलो असतो.

पाडव्याला पाकिटं फोडली. मी सगळ्या बिया लोटल्या. कृष्णनाथने पाव तास डोकं खाजवलं, तुझ्या नावाने काहीतरी पुटपुटला आणि आला. त्याच्याकडे इस्पिकचा एक्का आणि दश्शी. चौथं पान चौकटची चव्वी आलं. विनिता दारात हात जोडून उभी होती. पाचवं पान इस्पिकची तिर्री.

माटोळी त्याची. सगळं बाजारातून तयार आणीन, डोंगर चढायला मला वेळ कुठे, असं हसत म्हणाला. तो वाईट नाही, जिंकलाय एवढंच.

मला खंत नाही ताई. तीच पानं पुन्हा आली तर पुन्हा दीडशे लोटीन. पण गौरवीने बांबूची चौकट उचलून माळ्यावर टाकली. चौथ्या दिवशी तिने विचारलं, माझी माटोळी तुमच्या हातून का जाते? मी स्वतः खेळायला का बसू नये? विनिताकडे पाहिलं, तर ती म्हणाली, ही रीत कुणी घातली ते मला तरी कुणी सांगितलं नाही. मी देवळात जाऊन थोडा वेळ बसलो. देवाची काही हरकत दिसली नाही. कृष्णनाथला विचारलं. येऊ दे, पण रडायचं नाही, असं त्याने कळवलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर तिला शिकवायला बसतो. काल तिच्याकडे काहीसुद्धा नसताना तिने बिया लोटून माझे दोन एक्के टाकायला लावले. तिचे कान मी नीट पाहिले. लाल झाले नव्हते.

पुढच्या चवथीला गुडघे कसेही असोत, गाडी पाठवतो. पुरुषांच्या रांगेत तिच्याशेजारी एक पाट तुझ्यासाठी मांडून ठेवतो.

तुझा धाकू