टीआरएफच्या जागी नाव

पाटण, मंगळवार, मार्च १९९८

साहेब म्हणतात, बाईला समजावून सांग. मी का समजावू? सुमनवहिनींचा नवरा फौजेत. पूर्वी त्याची मनिऑर्डर यायची, आता पैसे थेट आमच्या बँकेत, खात्यावर येतात. वहिनींनी दिवाळीपासून त्यातला एक रुपया काढला नाही. का? तर मी संगणकावर बनवलेल्या खातेउताऱ्यावर नुसतं 'टीआरएफ' छापलंय, म्हणजे ट्रान्सफर, पैसे वर्ग झाले.

"आवं, मनिऑर्डरीवर त्यांचं नाव असायचं. ह्यो टीआरएफ कोण? परक्याच्या पैशाला हात कसा लावू?"

आकडा अगदी बरोबर होता. म्हणून काय झालं?

त्या ओळीत नाव सहज मावतं, बघितलंय मी. साहेब ओरडू देत, उद्या टीआरएफ काढून तिथं मराठीत वहिनींच्या नवऱ्याचं नाव घालणार. मग वहिनींना बोलवायचं आणि समजावायचं काहीच नाही. नुसता कागद पुढे करायचा.