शंभर पावलांचं गवत

॥ श्री महावीराय नमः ॥
कळंब, ४ एप्रिल २०२५

चि. सौ. जागृतीस थोरल्या जावेचे आशीर्वाद.

दुधाच्या गाडीनं तूप दोन किलो पोहोचलं. गाडीवाल्यानं वीस रुपये घेतले, गेल्या खेपेला पंधरा होते. पत्रही मिळालं. तिकडे डोंगराकडे फोन लागत नाही, म्हणून लिहिते.

पांजरपोळाभोवती गवताचा पट्टा आधीच जाळून टाकावा, म्हणजे डोंगरावरून वणवा आला तर तिथंच अडेल, असं राखणदार हौशीराम म्हणतो. त्याचं खरं असेल. पण महावीर जयंती सहा दिवसांवर, आणि किडामुंगीसकट गवत आपण आपल्या हातानं पेटवायचं? मला नाही जमणार. विळ्यानं कापून घ्या. ह्यांना विचारलं, तर ‘तू म्हणशील तसं’ म्हणाले. म्हणजे न विचारल्यासारखंच.

जनावरांना आणि स्वतःला जप.
कंचनभाभी

डिंगोरे, ११ एप्रिल

ती. भाभींना सादर जय जिनेंद्र.

कापतोय. मी, हौशीराम आणि त्याची सारजाबाई. तळहाताला फोड आलेत, म्हणून अक्षर असं. रोज दुपारी ढग दाटतात, वारं सुटतं, गडगडतं आणि थेंब पडत नाही. गवत मुठीत धरलं की मोडतं. सारजाबाई म्हणते, कंचनबाई लई दयाळू, पण वारं काय जैन न्हाई. मी हसले, आणि मग हसू येईना.

पश्चिमेची शंभर पावलं राहिलीत. अडतीस जनावरं, त्यातली निम्मी आधार दिल्याशिवाय उठत नाहीत. तेवढीच पेटवू का? रागावू नका.

लोभ आहे, तो तसाच ठेवा.
जागृती

डिंगोरे, १६ एप्रिल

ती. भाभींना सादर जय जिनेंद्र.

‘तीही कापाच’ ही तुमची चिठ्ठी सोमवारी आली. मंगळवारी दुपारी तीनला वरच्या सागावर वीज पडली. पाऊस नाहीच. वारा असा, की अर्ध्या तासात आग खाली आली. कापलेल्या बाजूला थांबली, पश्चिमेकडून मात्र सरळ गोठ्यावर निघाली. समोरून आग लावली तर दोन्ही मध्ये भिडून विझतील, असं हौशीराम ओरडला. काडेपेटी काढून माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. तुमचा शब्द त्यालाही ठाऊक. मग पेटी मी घेतली.

अडतीसच्या अडतीस आहेत. सकाळी मी पेटवलेल्या पट्ट्यात टिटवीची चार अंडी सापडली, काळी पडलेली. तेव्हापासून घास उतरत नाही. महाराजसाहेबांकडे प्रायश्चित्त मागायला कधी येऊ?

आता लोभ मागायचा धीर होत नाही.
जागृती

कळंब, १९ एप्रिल

चि. जागृतीस आशीर्वाद, आणि ते नेहमीचेच आहेत.

तू येऊ नकोस. मीच काल जाऊन आले. माझ्या ‘नको’पायी वरचा सगळा वणवा तुमच्या अंगावर आला, असं सांगितलं. त्यांनी तीन उपवास दिले. तुझं नाव मी घेतलं नाही, कारण तू चुकली नाहीस. जेव. हे आशीर्वादात नाही, हुकमात धर.

किती जीव माझ्या दयेनं गेले आणि किती तुझ्या काडीनं राहिले, ते मला मांडता येत नाही. थकले मी त्या विचारानं.

ओढ्यापलीकडची टेकडी अजून जळलेली नाही, आणि ढग इथंही रोज येतात. तुम्ही तिघं आता विळा धरू नका. हौशीरामला म्हणावं, वनरक्षकाला सांगून, वारा पडलेली एक सकाळ बघ. ती कोणती, ते उलट टपाली कळव. त्या दिवशी ओढ्याकाठचा पट्टा मी येऊन पेटवीन.

तुझी कंचनभाभी