तुरेवाल्याच्या वतीने आजोबा

कोपरखैरणे,
६ जानेवारी २०२५

चि. अक्षता हिस शिवरामआजोबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

ऐरोलीची चांगली नोकरी सोडून शक्ती-तुऱ्याच्या सवाल-जवाबात शक्तीवाल्यांची शाहीर झालीस आणि आता भीती घालवायला मोबाईलमधल्या बाईकडून श्वास घ्यायला शिकतेस. श्वास म्हैसही घेते. ती बाई म्हणते, समोर भोपळे बसलेत असं समज. भोपळे तिकीट काढत नाहीत. वाशीच्या हॉलात तुझ्यासमोर पुन्हा तो तुरेवाला भगवान असणार, गाण्यातून लाज काढणारा. गेल्या वर्षी त्याचं ऐकून तू न गाताच खाली उतरलीस. यंदा उतरलीस तर मंडळ दुसरा शाहीर बघणार.

म्हणून यापुढे पत्रात मीच तुरेवाला. अशा सामन्यांत मृदुंग वाजवत बसून सगळे टोमणे ऐकलेत मी. घरात ऐकलेलं हॉलात बोचत नाही. फोनवर तू रडलीस की मी विरघळतो, म्हणून कागद.

तर ऐक. सोसायटीची मोटर कोरडी फिरते, तसा तुझा आवाज. उंची एवढीच की माइकला तुझ्यापुढे वाकावं लागतं. केस म्हणजे तुर्भ्याच्या ट्रकखालचा काथ्या.

गार पाणी पिऊ नकोस. स्वेटर पोचला का?

आजोबा

सावर्डे,
१३ जानेवारी २०२५

ती. आजोबांस शि. सा. न.

मोटरचा टोमणा तालमीत वाचून दाखवला. झांजवाला अश्विन लोळून हसला, मीही हसले. पण भगवान माझ्या आवाजाचं काही बोलणार नाही. गेल्या वर्षी त्याने बाबांचं काढलं होतं, ते घर सोडून गेले ते. तुम्ही आवाज, उंची, केस सगळं लिहिलंत आणि बाबांना वळसा घातलात. तेच लिहा. मला ते आधी तुमच्या अक्षरात वाचायचंय. जमत नसेल तर राहू दे, मी श्वास मोजत बसेन.

गोळ्या घ्या. लोभ आहे, तो कमी होऊ देऊ नका.

तुमची अक्षता

कोपरखैरणे,
२० जानेवारी २०२५

चि. अक्षतास आशीर्वाद.

हे जेवल्यावर वाच.

"बापाने टाकली जी पोर, तिला शक्तीवाले म्हणती थोर."

भिकार यमक. भगवानला याहून बरं जमणार नाही. हे पेनही भिकार, मध्येच अडतं. तो तुझा बाप खरा, पण आधी माझा मुलगा. रोज मोठ्याने वाच, भाजीचे भाव वाचावेत तसं.

मी तिसऱ्या रांगेत असेन. रडकं तोंड घेऊन वर चढू नकोस.

आजोबा

सावर्डे,
४ फेब्रुवारी २०२५

ती. आजोबांस शि. सा. न.

भगवानने बाबांवरच रचलं होतं. 'टाकली' आणि 'वाकली'. तुमच्याहून भिकार. भरल्या हॉलात मला हसू आलं आणि तो पुढची ओळ विसरला. मग मी उठले आणि सगळं गाऊनच खाली बसले. भीती शेवटपर्यंत होती, भगवानला दिसली नाही एवढंच. पुढच्या सामन्याला मंडळाने माझंच नाव दिलंय.

पण मी गायला उठले तेव्हा तिसऱ्या रांगेतली तुमची खुर्ची रिकामी होती. कुठे गेला होतात?

तुमची अक्षता

कोपरखैरणे,
११ फेब्रुवारी २०२५

चि. अक्षतास आशीर्वाद.

हसलीस त्यात काय कौतुक? गवळणीत दम कमी पडला, ते दाराबाहेरही ऐकू आलं. होय, बाहेर. हॉलचे पंखे म्हणजे नुसता छळ. भगवानने तोंड उघडलं आणि मला खोकला लागला. खोकणाऱ्या म्हाताऱ्यापायी तुझं लक्ष उडायला नको, म्हणून दारापाशी गेलो. माझ्याबरोबर आलेल्या शेजारच्या केशरबाई साऱ्या सोसायटीला सांगत सुटल्यात की मी घाबरून पळालो. त्यांना गाण्यातलं काय कळतं?

खोकला होता. तू गायला लागलीस तेव्हा थांबला.

लोभ वगैरे काही नाही, असं समजून गात राहा.

शिवराम