लाल पट्ट्यांमधली फट

सुरत, बुधवार, १९९८

राग अजून उतरलेला नाही. माझं काम, आणि माझे मार्गदर्शक सर गिरणीमालकांना सांगतात, "आ में शोध्युं छे!" यांनी शोधलं म्हणे!

उधन्याच्या खाडीत कापड गिरण्यांचं रंगाचं पाणी येतं. त्यात रंग खाणारा जिवाणू मला सापडला. त्याच्या जनुकाची अक्षरं बाहेरच्या प्रयोगशाळेतून आली. ती, जनुकं ताडून पाहणाऱ्या परदेशी वेबसाइटच्या चौकटीत भरली मीच. फोनची लाइन सारखी तुटायची. मग एकदाच्या पडद्यावर लाल पट्ट्या उमटल्या. जिथे लाल, तिथे माझा जिवाणू ओळखीच्या जिवाणूंशी जुळतो. मधे मात्र पांढरी फट. तिथे तो कुणाशीच जुळत नाही.

आज एका मालकाने त्या पट्ट्यांच्या छापील कागदावर बोट ठेवून विचारलं, "ये बीच में खाली क्यों है?"

सर म्हणाले, "प्रिंटरनी भूल छे."

प्रिंटरची चूक! अरे, ती फट हाच तर शोध!

माझ्याने राहवलं नाही. "सर, ती चूक नाही. तो तुकडा दुसऱ्या कुठल्याच जिवाणूत नाही. कदाचित त्यामुळेच हा रंग खातो."

सर हसले. "बेन, जरा चा जुओ ने."

चहा बघायचा? मी जागची हललेच नाही.

पाहुणे गेल्यावर सरांनी कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप घातलं. "पीएच.डी. करवी छे ने?"

करायची आहे. पण यांच्या हाताखाली?

आईला सगळं सांगितलं. ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "मंग दुसरा साहेब देख."

उद्याच मार्गदर्शक बदलून मागते. केलेलं काम सरांकडेच राहील, ते पुन्हा करावं लागेल. लागू दे.