तांबडीला कुठं सोडलं

बाई, तुम्ही मला विचारलं होतं, "तांबडीला कुठं सोडलंस रे?" आणि मी सांगितलं होतं, "आपल्या गल्लीच्या तोंडाशीच की, बाई." ते खोटं होतं. तुम्हाला जाऊन दहा वर्षं होत आली आणि गेले चार दिवस मला एका जागी बसवत नाही. आज रविवार आहे, जनावरांच्या दवाखान्याला सुट्टी. सकाळपासून तीन-चारदा ओट्यावर येऊन बसलो आणि उठलो. मी उठलो की घरातली कुत्री उठतात, मी बसलो की बसतात. आता तीही कंटाळलीत, माझ्याकडं बघेनाशी झालीत. शेवटी वही घेतली. सातवीत तुम्ही म्हणायचात, की बोलता येत नसेल तर लिही. मला दोन्ही येत नव्हतं.

सातवीतलाच तो दिवस. शाळेच्या मैदानावर मी एका पिल्लाच्या शेपटीला डालड्याचा रिकामा डबा बांधला होता आणि ते घाबरून गोलगोल पळत होतं. आम्ही सगळे हसत होतो. तुम्ही वर्गातून आलात, पिल्लाला धरलंत, डबा सोडलात. मला वाटलं, आता छडी. तुम्ही मला वर्गात नेऊन खाली बसवलंत, पिल्लू माझ्या मांडीवर ठेवलंत आणि म्हणालात, "याचं थरथरणं थांबेपर्यंत तू जागचा हलायचं नाहीस." तुमचा तास संपला, मधली सुट्टी झाली, पोरं खिडकीतून बघून जात होती. ते माझ्या चड्डीवर मुतलं. मग कधीतरी त्याचं अंग सैल पडलं आणि ते झोपलं. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या, पण त्याला उठवावंसं वाटेना.

त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी मी तुमच्या दारात आलो तो कुत्र्यांची गाडी घेऊन. मोकाट कुत्री पकडायची, ऑपरेशन आणि लस झाली की चौथ्या दिवशी जिथनं उचलली तिथंच आणून सोडायची, असं एका ठेकेदाराकडं माझं काम होतं. आम्ही गल्लीत शिरलो की लोक दारं लावून घ्यायचे. पाणी मागितलं तर लांबून ओंजळीत ओतायचे. तुम्ही रिटायर झाला होता. दोन खोल्या आणि पुढं अंगण, त्यात चार मांजरं, एक एका डोळ्याचं म्हातारं कुत्रं आणि उंबऱ्यावर तांबडी कुत्री. एसटी स्टँडजवळ जीपखाली तिचा मागचा पाय चिरडला होता आणि तुम्ही तिला रिक्षात मांडीवर घेऊन आणलं होतं. तुम्ही मला बघितलंत आणि म्हणालात, "अरे, तू व्हय?" मग सरळ स्वयंपाकघरात नेऊन चहा टाकलात. पिठाच्या डब्यावर एक मांजर बसलं होतं, ते उठलं नाही. तुम्ही माझ्या हातावरचे ओरखडे बघितलेत. नंतर बाहेर येऊन गाडीच्या पत्र्याला तळवा लावलात, चटकन काढून घेतलात. "अनवाणी उभा राहून बघ याच्यावर," म्हणालात. दुसऱ्या दिवशी गाडी आली तेव्हा तुम्ही जुन्या लुगड्यांची एक जाड वाकळ घेऊन उभ्या होता. ती पत्र्यावर तुम्हीच अंथरलीत.

आणि तिच्यावर तांबडीला तुम्हीच बसवलंत. तिला पकडायला काठीफासा लागला नाही. तुम्ही पुढं झालात, ती मागून आली. "चौथ्या दिवशी आण," म्हणालात, "तोवर मी बाकीच्यांना गप ठेवते."

त्याच दुपारी तुमच्या समोरच्या घरातल्या काकांनी मला हाक मारली. आत बोलावलं, खुर्ची दिली, कपबशीत चहा दिला. त्यांच्या बायकोचा हात प्लास्टरमध्ये होता. तांबडी अंगावर धावली म्हणून त्या पायरीवरनं पडल्या होत्या, हे मला तिथंच कळलं. त्या दुसऱ्या हातानं प्लास्टर धरून बसल्या होत्या. काका म्हणाले, "बाईंशी आमचं वाकडं न्हाय. त्यांना सांगाया गेलो तर त्या आपल्यालाच समजावतात. तेवढी तांबडी परत आणू नका. तुमच्या हातात हाय." मला त्या कामात तोवर कुणी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. खुर्चीवर बसवलं नव्हतं. बाई, मी काकांच्या बायकोच्या हाताकडं बघून हो म्हटलं असं मी पुढं स्वतःला कितीतरी वेळा सांगितलं. पण मी त्या खुर्चीवर बसून हो म्हटलं.

चौथ्या दिवशी आमची गाडी लोहाऱ्याच्या बाजूला निघाली होती. तुमच्या गल्लीवरनं जाताना ड्रायव्हरनं विचारलं, "ही लंगडी इथलीच ना?" मी म्हटलं, "पुढं सोडू." माकणीच्या धरणाकडं जाणाऱ्या रस्त्याला एक चहाची टपरी आहे. तिथं मी मागचं दार उघडलं. तांबडी उतरली, बाभळीपर्यंत गेली, मुतली आणि परत येऊन दाराशी उभी राहिली. तिला वर चढायचं होतं. त्या पायानं तिला उडी मारता येत नव्हती म्हणून ती माझ्याकडं बघत थांबली. मी दार ओढून घेतलं. ड्रायव्हरनं आरशात बघितलं असणार, त्यानं गिअर टाकला.

मग तुम्ही विचारलंत आणि मी ते उत्तर दिलं. तुम्ही लगेच विश्वास ठेवलात. "मग इथंच कुठंतरी असंल, घाबरली असंल," म्हणालात आणि पिशवीत भाकरीचे तुकडे घेऊन रोज सकाळी निघायला लागलात. एकट्या फिरता म्हणून मी सोबत यायला लागलो. कोर्टामागं, बाजारात, स्टँडवर, रेल्वे स्टेशनच्या रस्त्याला. तुम्ही "तांबडे, ये गं" म्हणायचात आणि मी "यूऽ यूऽ" करून हाका मारायचो. जी तिथं नाही हे मला माहीत होतं, तिला मी मोठ्यानं हाका मारत होतो. एकदा तुम्ही एका दुकानाच्या पायरीवर बसलात, घाम पुसलात आणि मला म्हणालात, "तू दमलास. कामावर जा." तेव्हा सांगायचं होतं. तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात एक तांबूस कुत्रं कोपऱ्यावरनं गेलं आणि तुम्ही उठून त्याच्या मागं गेलात.

मी मित्राची मोटरसायकल घेऊन माकणीला गेलो तेव्हा तीन आठवडे झाले होते. टपरीवाल्या मावशीला विचारलं. ती म्हणाली, "व्हती की लंगडी. लई दिस इथंच व्हती. गाडी थांबली की उठायची, उतरणाऱ्याच्या तोंडाकडं बघायची अन् परत बसायची. म्या भाकर टाकायची. परवा या रस्त्यानं निघून गेली." तिनं हात दाखवला तो मी आलो होतो त्याच रस्त्याकडं होता. मी परत येताना गाडी चालत गेल्यासारखी हळू चालवली, दोन्हीकडची शेतं, मोऱ्या, झाडाखालच्या सावल्या बघत आलो. दिसली नाही. त्यानंतरही चार-पाच रविवार गेलो. तिचं काय झालं ते मला आजही माहीत नाही.

माकणीला पहिल्यांदा गेलो त्या दिवशी मात्र मी ठरवून आलो होतो, की आता सरळ तुमच्याकडं जायचं आणि सांगायचं. घराला कुलूप होतं. काका म्हणाले, बाईंना छातीत दुखलं, दवाखान्यात नेलंय. मी तिथं पोचलो तेव्हा तुमचा पुतण्या औषधं आणायला खाली गेला होता. तुम्ही डोळे उघडलेत आणि पहिलं विचारलंत, "मांजरांना कोण घालतंय?"

"मी घालतोय, बाई." ते त्या क्षणापर्यंत खरं नव्हतं.

"मग बरंय. तू आहेस म्हणून मला घोर न्हाय," म्हणालात आणि डोळे मिटलेत. आठवडाही झाला नाही, तुम्ही गेलात. तांबडीच्या मागं फिरून तुमची छाती दुखली का, हे मी कुठल्याच डॉक्टरला विचारलं नाही.

पुतण्यानं घर बंद केलं तेव्हा चार मांजरं आणि ते म्हातारं कुत्रं मी घरी आणलं. बायको दारात उभी राहून म्हणाली, "हे काय करायलाव? आपल्यालाच दोन खोल्या हायेत." मी म्हटलं, बाईंची आहेत. तिनं तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं, पण ती बाजूला झाली. नंतर मी गाडीचं काम सोडलं, जनावरांच्या दवाखान्यात शिपाई म्हणून लागलो. लोक दारात पोत्यात पिल्लं आणून ठेवायला लागले. आता पाच कुत्री आहेत, वीटभट्टीवरनं आणलेलं एक लंगडं गाढव आहे. बायको गाढवाला शिव्या देते आणि त्याच्या पायाला तेलही तीच लावते. मागच्या वर्षी एका कॉलेजात बोलावून माझ्या खांद्यावर शाल घातली. सुरुवात कशी झाली असं विचारलं. मी मांडीवरच्या पिल्लाची गोष्ट सांगितली, तुमच्याबद्दल सांगितलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पुढचं मी सांगितलं नाही. ती शाल मी अजून अंगावर घेतलेली नाही.

बुधवारी तुमच्या घरातलं शेवटचं मांजर गेलं. तुमच्याकडं होतं तेव्हा ते तळहाताएवढं होतं. बायको रडली. मी परसात खड्डा केला, माती लोटली आणि हात धुवायला नळावर गेलो. तिथं मला हलकं वाटलं, बाई. आता त्या घरातलं माझ्याकडं बघणारं कुणी राहिलं नाही असं वाटलं. हात पुसून होईपर्यंतच ते टिकलं. तेव्हापासून हे उठणं-बसणं चालू आहे.

आत्ता बायकोनं आतून विचारलं, "इतकं काय लिहायलाव?" मी म्हटलं, "एका ओळखीच्यांना पत्र." तिनं मागितलं तर वाचायला देईन असं मी ठरवलंय. पण ही पानं तिच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी ठेवणार आहे, तेही तुम्हाला सांगून ठेवतो.